एकच प्लॅन, एकच पेन्सिल

बँकेत पैसे काढायला गेल्यावर ‘सर्व्हर डाऊन आहे, थोड्या वेळाने या’ हे वाक्य ऐकलं नाही, असा माणूस विरळाच. रांगेतलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग दुसरा सर्व्हर का ठेवत नाहीत?’ प्रश्न रास्त आहे. एक पंप जळाला तर खोळंबा नको म्हणून सोसायटी पाण्याचे दोन पंप बसवते. सर्व्हरही दोन ठेवावेत.

पण सर्व्हरचं प्रकरण पंपाइतकं सोपं नाही. दुसरा पंप तेच पाणी वर चढवतो, त्याला मागचं काही आठवावं लागत नाही. दुसऱ्या सर्व्हरला मात्र सगळं आठवावं लागतं. पहिला सर्व्हर बंद पडण्याच्या मिनिटभर आधी तुमच्या पुढच्या माणसाने दहा हजार रुपये भरले. ती नोंद पहिल्या सर्व्हरच्या पोटातल्या डिस्कवर आहे. पहिला बंद, म्हणजे नोंदही बंद. दुसरा सर्व्हर कितीही दणकट असला, तरी ते दहा हजार त्याच्या गावीही नसतात.

यावरचा जुना आणि भक्कम उपाय म्हणजे नोंदी दोन्ही सर्व्हरच्या बाहेर ठेवायच्या. डिस्क तिसऱ्या जागी, आणि तिच्यापर्यंत जायचा रस्ता दोघांना मोकळा. पहिला पडला की दुसरा त्याच डिस्कवरून काम पुढे नेतो. ऐकायला हे सरळ वाटतं. मात्र पुरेशी तयारी न करता एकच डिस्क दोन सर्व्हरना जोडली, तर काही मिनिटांत तिच्यावरच्या माहितीची नासाडी सुरू होते. असं का होतं आणि ते टाळण्यासाठी काय करावं लागतं, ते पायरीपायरीने पाहू.

सर्व्हरचा घड

क्लस्टर म्हणजे घड. द्राक्षं अनेक, देठ एक. एकत्र बांधलेल्या अशा सर्व्हरपैकी प्रत्येकाला ‘नोड’ म्हणतात. एक नोड पडल्यावर त्याचं काम दुसऱ्याने आपणहून उचललं, की त्याला म्हणतात ‘फेलओव्हर’. बाहेरच्या जगाला यातलं काही दिसत नाही. बँकेचा कर्मचारी ज्या नावाने सर्व्हरशी जोडला जातो ते नाव घडाचं असतं, एका नोडचं नसतं.

दुसरा पडला हे पहिल्याला कळतं कसं? घडातले नोड सतत एकमेकांची नाडी पाहत असतात. विंडोजच्या क्लस्टरमध्ये दर सेकंदाला एक छोटासा संदेश नेटवर्कवरून जातो, ‘मी आहे’. त्याला हार्टबीट म्हणतात. असे लागोपाठ ठरावीक ठोके चुकले (विंडोज सर्व्हर 2016मध्ये एकाच नेटवर्कमधल्या नोडसाठी ही मर्यादा 10 होती), की तो नोड गेला असं धरून त्याची कामं इतरांमध्ये वाटली जातात.

ही कल्पना आजची नाही. 1980च्या दशकात डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये अनेक यंत्रं एकाच साठ्यावर काम करत होती. मायक्रोसॉफ्टने 1997मध्ये विंडोज एनटी 4.0च्या एंटरप्राइज आवृत्तीसाठी आपला पहिला क्लस्टर आणला. बांधणीच्या काळात त्याचं टोपणनाव होतं ‘वुल्फपॅक’, म्हणजे लांडग्यांचा कळप. या लेखातली उदाहरणं विंडोज सर्व्हरची आहेत, कारण कार्यालयांमध्ये तो सर्रास आढळतो. मूळ अडचण मात्र कुठल्याही प्रणालीत हीच असते.

दोन खिडक्या, एक नाटक

जुन्या पद्धतीची नाटकाची तिकीटविक्री आठवा. ‘प्लॅन उघडला’ म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली. नाट्यगृहातल्या सगळ्या खुर्च्यांचा नकाशा खिडकीतल्या माणसापुढे पसरलेला असे. तुम्ही ‘एफ रांगेतल्या मधल्या दोन’ म्हणालात की तो पेन्सिलीने त्या दोन चौकोनांवर फुली मारून तिकिटं फाडून देई. फुली म्हणजे खुर्ची गेली.

आता गर्दी फार झाली म्हणून कुणी दुसरी खिडकी उघडली आणि प्लॅनची झेरॉक्स काढून तिथे दिली, तर? पहिली पाच मिनिटं काम झपाट्याने होईल. मग पहिल्या खिडकीवरून विकलेली एफ-12 दुसऱ्या खिडकीवरही विकली जाईल, कारण दुसऱ्या कागदावर तो चौकोन अजून कोराच आहे. भांडण लागेल ते खिडकीवर नाही, रात्री नाट्यगृहात, दोन माणसं एकाच खुर्चीपाशी उभी राहतील तेव्हा.

डिस्कवरही असाच एक प्लॅन असतो. डिस्कची जागा लहान लहान सारख्या चौकोनांत विभागलेली असते. विंडोजच्या एनटीएफएस या मांडणीत असा चौकोन सर्वसाधारणपणे 4 किलोबाइटचा असतो. प्रत्येक चौकोनासमोर एक खूण असते, रिकामा की भरलेला. या खुणांच्या यादीला बिटमॅप म्हणतात. 10 गिगाबाइटच्या डिस्कवर असे 26,21,440 चौकोन होतात आणि त्यांच्या सगळ्या खुणा अवघ्या 320 किलोबाइटमध्ये मावतात. कुठल्या नावाची फाइल कुठल्या चौकोनांत आहे, याची सूची वेगळी असते.

खरी गोम पुढे आहे. डिस्कवर जाऊन वाचणं हे मेमरीतून वाचण्यापेक्षा कितीतरी संथ. म्हणून सर्व्हर या प्लॅनचा आणि सूचीचा लागणारा भाग स्वतःच्या मेमरीत उतरवून घेतो आणि तिथेच पाहत काम करतो. बदल झाले की ते डिस्कवर उतरवतो, पण डिस्कवरचा प्लॅन पुन्हा पुन्हा वाचत बसत नाही. ‘या डिस्कवर लिहिणारा मी एकटाच आहे’ असं तो गृहीत धरतो. एकट्या संगणकासाठी हे गृहीत अगदी बरोबर आहे. दोन सर्व्हर एकाच डिस्कला जोडले की तेच गृहीत घात करतं. दोघांच्याही मेमरीत प्लॅनची आपापली झेरॉक्स असते.

हे डोळ्यांनी पाहावं म्हणून मी घरच्या संगणकावर तीन आभासी यंत्रं उभी केली. एकाने 10 गिगाबाइटची डिस्क देऊ केली, उरलेल्या दोघांनी ती घेतली. क्लस्टर मुद्दाम बांधला नाही. दोन्ही सर्व्हरवर ती डिस्क ‘ई’ ड्राइव्ह म्हणून दिसू लागली. पहिल्यावर ‘हिशोब एक’ नावाची फाइल केली. दुसऱ्यावर ‘ई’ उघडला, तर फाइल नाही. ताजं करण्याचं एफ5 बटण दाबलं, तरी नाही. मग दुसऱ्यावर ‘हिशोब दोन’ केली. ती पहिल्याला दिसेना. दोन्ही खिडक्या पडद्यावर शेजारीशेजारी होत्या, डिस्क एकच होती, आणि दोघांना दोन वेगळी जगं दिसत होती. शेवटी दोन्हीकडून डिस्क सोडवली आणि पुन्हा जोडली. एकच फाइल उरली होती. दोन्ही सर्व्हरने सूचीतली तीच रिकामी ओळ आपापल्या फाइलसाठी वापरली होती, आणि ज्याने नंतर लिहिलं त्याची नोंद राहिली. या सगळ्यात एकदाही, कुठल्याही पडद्यावर धोक्याची सूचना आली नाही.

सामायिक डिस्कच्या तयारीचं सारं मर्म इथे आहे. सामायिक म्हणजे सगळ्यांना पोचता येईल अशी. पेन्सिल मात्र एका वेळी एकाच्याच हातात.

पेन्सिल कुणाकडे, हे कोण ठरवतं?

‘आत्ता मालक मी आहे’ हे दोन नोडांनी नेटवर्कवरून बोलून ठरवावं, असं वाटेल. पण नेटवर्कच तुटलं तर? दोन्ही नोड धडधाकट आहेत, फक्त मधली तार निघाली आहे. प्रत्येकाला वाटतं की दुसरा गेला. दोघंही काम हाती घेतात, दोघंही लिहू लागतात. या अवस्थेला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात, एका देहात दोन मेंदू. म्हणून राखणदारी डिस्कनेच करावी लागते.

डिस्कशी बोलण्याच्या स्कझी या भाषेत त्यासाठी आरक्षणाची सोय आहे. जुन्या पद्धतीत, म्हणजे स्कझी-2मध्ये, नोड डिस्कला सांगे, ‘मी तुला धरून ठेवलं आहे.’ डिस्क मग इतरांना नकार देई. उणीव अशी की जोडणी नव्याने सुरू केली, म्हणजे रिसेट केली, की आरक्षण पुसलं जाई. मालक मेला आहे का हे तपासायला दुसरा नोड रिसेटचाच आधार घेई. त्याने त्या तारेवरच्या इतर डिस्कांनाही धक्का बसे.

विंडोज सर्व्हर 2008पासून मायक्रोसॉफ्टच्या क्लस्टरने हा मार्ग सोडला आणि स्कझी-3मधल्या ‘पर्सिस्टंट रिझर्वेशन’ची, म्हणजे टिकाऊ आरक्षणाची, अट घातली. यात डिस्कपाशी एक नोंदवही असते. नोड आपली 8 बाइटची किल्ली त्या वहीत नोंदवतो आणि मग आरक्षण घेतो. रिसेट झाला तरी वही पुसली जात नाही.

मालक खरोखर जिवंत आहे का, याची परीक्षाही याच वहीत होते. दावा सांगणारा नोड आपली किल्ली वहीत लिहितो आणि थांबतो. जिवंत मालक दर काही सेकंदांनी वही उघडून पाहत असतो. परकी किल्ली दिसली की तो ती खोडून टाकतो. थोडा वेळ थांबून दावेदार वही पाहतो. आपली किल्ली खोडलेली असेल, तर मालक हयात आहे, मुकाट मागे फिरायचं. किल्ली जागच्या जागी असेल, तर खोडणारं कुणी उरलेलं नाही, आरक्षण आपल्याकडे घ्यायचं. नेटवर्क तुटलेलं असतानाही दोघांमधला निवाडा असा डिस्कच्या वहीवरच होतो.

ही वही प्रत्येक डिस्ककडे नसते. सामायिक साठा विकत घेताना तो स्कझी-3चं टिकाऊ आरक्षण पाळतो का, हा प्रश्न म्हणूनच पहिला विचारायचा.

पायरी पहिली: रस्ता बांधणं

सामायिक साठा म्हणजे बहुधा अनेक डिस्कांनी भरलेलं एक स्वतंत्र कपाट. त्यातल्या डिस्का एकत्र करून हव्या त्या आकाराचे तुकडे पाडतात. अशा तुकड्याला ‘लन’ म्हणतात. सर्व्हरला लन ही अखंड डिस्कच वाटते. कपाटापर्यंत जायचे दोन रुळलेले रस्ते आहेत. एक, फायबर चॅनल, या कामासाठीच टाकलेलं वेगळं जाळं. दुसरा, आयस्कझी, म्हणजे स्कझीची भाषा साध्या नेटवर्कच्या तारेवरून. आयस्कझीचं प्रमाण 2004मध्ये प्रसिद्ध झालं. विंडोज सर्व्हर 2012पासून असा साठा देऊ करण्याची सोय विंडोजमध्येच येते, त्यामुळे शिकणाऱ्याला महागडं कपाट लागत नाही.

कुठली लन कुणाला दिसावी, हे कपाटावर ठरवतात. त्याला मास्किंग म्हणतात. आयस्कझीत प्रत्येक सर्व्हरला एक लांबलचक नाव असतं. विंडोजमध्ये ते ‘आयक्यूएन’, मग ‘1991-05’, मग मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळाचं नाव उलट्या क्रमाने, आणि शेवटी सर्व्हरचं नाव असं असतं. मधला आकडा म्हणजे ते संकेतस्थळाचं नाव कंपनीकडे आलं तो महिना, मे 1991. या नावांच्या यादीत घडातले सगळे नोड हवेत, आणि घडाबाहेरचा एकही नको. शेजारचा तिसराच सर्व्हर चुकून यादीत राहिला, तर आपण सुरुवातीला पाहिलेली दुसरी खिडकी आपल्याच हाताने उघडली जाते.

रस्ते दोन असावेत, म्हणजे एक तार किंवा एक स्विच गेल्याने डिस्क नाहीशी होत नाही. पण रस्ते दोन असले की विंडोजला डिस्काही दोन दिसतात. एकाच घराला पुढचं आणि मागचं दार असावं आणि टपालवाल्याने त्यांना दोन घरं समजावं, तसं. म्हणून ‘मल्टिपाथ आयओ’ ही सोय प्रत्येक नोडवर आधी चालू करायची. ती दोन्ही दारं ओळखून सांगते, घर एकच आहे. हे झाल्यावर डिस्का मोजायच्या. कपाटावर तीन लन दिल्या असतील तर प्रत्येक नोडवर नेमक्या तीनच नव्या डिस्का दिसल्या पाहिजेत.

पायरी दुसरी: एकाच नोडवर बसून मांडणी

यापुढचं सगळं काम एकाच नोडवर होतं. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडलं की नवी डिस्क ‘ऑफलाइन’ लिहिलेली दिसते. नवशिक्याला वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. सामायिक जाळ्यावरून आलेली डिस्क आपणहून चालू करायची नाही, असं विंडोज सर्व्हरचं मूळ धोरणच आहे. परक्याच्या डिस्कवर न विचारता हात पडू नये म्हणून केलेली ही खबरदारी. डिस्कवर उजवी टिचकी मारून ‘ऑनलाइन’ निवडलं की ती जागी होते. तरीही लिहू देत नसेल, तर डिस्कपार्ट या साधनाने तिच्यावरची ‘फक्त वाचा’ ही खूण काढावी लागते.

मग येतं ‘इनिशिअलाइझ’. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर नाव, अनुक्रमणिका आणि क्रमांक घालावा, तसं हे काम. विंडोज विचारतं, एमबीआर की जीपीटी? (हल्ली गाजणाऱ्या जीपीटीशी याचं साम्य नावापुरतंच.) एमबीआर ही 1983पासूनची, पीसी-डॉस 2.0च्या काळातली पद्धत. तिच्यात डिस्कवरचा पत्ता 32 अंकी द्विमान संख्येत लिहितात. 512 बाइटचा एक कप्पा धरला तर असे पत्ते सुमारे 2 टेराबाइटला संपतात. त्यापुढची जागा असून नसल्यासारखी. जीपीटीत पत्ता 64 अंकी आहे, आणि अनुक्रमणिकेची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. पहिलं पान फाटलं तरी शेवटच्या पानावरून सावरता येतं. लहान डिस्कसाठीही जीपीटीच निवडावी, कारण सामायिक साठा वाढत जातो आणि भरल्या डिस्कची पद्धत बदलणं हे जिकिरीचं काम आहे.

याच वेळी डिस्कवर एक ओळखक्रमांक लिहिला जातो. क्लस्टर डिस्कला त्यावरून ओळखतो. तो बदलला तर क्लस्टरच्या लेखी डिस्कच हरवली.

विंडोजमध्ये डिस्कचे दोन प्रकार असतात, बेसिक आणि डायनॅमिक. क्लस्टरसाठी बेसिकच ठेवायची, डायनॅमिक डिस्क क्लस्टर स्वीकारत नाही.

आता ‘न्यू सिम्पल व्हॉल्यूम’ घेऊन फॉरमॅट. मांडणी एनटीएफएस. चौकोनाचा आकार किती ठेवायचा, ते डिस्कवर काय राहणार यावरून ठरवायचं. सर्वसाधारण फायलींसाठी 4 किलोबाइट ठीक, पण 4 किलोबाइटच्या चौकोनांनी एनटीएफएसची मजल 16 टेराबाइटपर्यंतच जाते. एसक्यूएल सर्व्हरचा डेटाबेस असेल तर 64 किलोबाइट घेतात. त्याचं कारण सरळ आहे. एसक्यूएल सर्व्हर 8 किलोबाइटच्या पानांवर लिहितो आणि जागा मागताना आठ पानांचा गठ्ठा मागतो. आठ आठे चौसष्ट. गठ्ठा आणि चौकोन एका मापाचे झाले.

शेवटचं काम किरकोळ वाटेल, पण ते टाळू नये. व्हॉल्यूमला अर्थपूर्ण नाव द्या: ‘डेटा’, ‘लॉग’, ‘साक्षीदार’. क्लस्टर आपल्या यादीत डिस्कांना ‘क्लस्टर डिस्क 1’, ‘क्लस्टर डिस्क 2’ अशी नावं लावतो आणि तो क्रम तुमच्या मनातल्या क्रमाशी जुळेलच असं नाही. नाव दिलेलं असेल तर सहा महिन्यांनी, रात्री दोन वाजता, भलत्याच डिस्कला हात लागत नाही.

पायरी तिसरी: दुसऱ्या नोडवर हात मागे

दुसऱ्या नोडवर करायचं काम इतकंच, की डिस्क मॅनेजमेंट उघडून ‘रिस्कॅन डिस्क्स’ म्हणायचं. डिस्क त्याच आकाराची, त्याच संख्येने दिसली की झालं.

बहुतेक अपघात इथेच होतात. दुसऱ्या नोडने डिस्क पूर्वी कोरी असताना पाहिलेली असते आणि ते जुनं चित्र त्याच्याकडे शिल्लक असतं. रिस्कॅन न करता पुढे गेलं की तो विनयाने विचारतो, ही डिस्क कोरी आहे, इनिशिअलाइझ करू का? ‘हो’ म्हटलं की पहिल्या नोडवर घातलेलं पहिलं पान पुसून नवं लिहिलं जातं. फॉरमॅट, नाव, ओळखक्रमांक, सगळं गेलं. म्हणून नियम पाठच करून ठेवावा: इनिशिअलाइझ आणि फॉरमॅट आयुष्यात एकदा, एकाच नोडवर. इतर नोडांनी फक्त बघायचं. क्लस्टर बांधून झाला की हा धोका कमी होतो. तेव्हा मालक नसलेल्या नोडवर त्याच डिस्कपुढे ‘रिझर्व्ह्ड’ असं दिसतं. पेन्सिल दुसऱ्याकडे आहे, असा त्याचा अर्थ.

पायरी चौथी: परीक्षा

विंडोज सर्व्हर 2008पासून क्लस्टर बांधण्याआधी तपासणीचं एक साधन मिळतं. ‘व्हॅलिडेट’ नावाची ही तपासणी डिस्कचं अक्षरशः नाटक वठवून पाहते. प्रत्येक नोडवरून डिस्क दिसते का? दिसते ती तीच आहे का? टिकाऊ आरक्षण घेता येतं का? दावेदार आला तर वहीचा निवाडा बरोबर लागतो का? एकाच वेळी सगळ्या डिस्का एकाकडून दुसऱ्याकडे गेल्या तर काय होतं? शेवटी सविस्तर अहवाल हाती येतो.

अहवालात लाल खूण असेल तर पुढे जाऊ नये. पिवळी असेल तर ती का आहे ते समजून घ्यावं. एकच नोंद महत्त्वाची: साठ्याची तपासणी डिस्कला नोडानोडांतून फिरवते, तिला काही वेळ ऑफलाइनही करते. म्हणून चालू कामाच्या डिस्कवर ती भर दिवसा चालवायची नसते.

तपासणी पार पडली की क्लस्टर बांधायचा आणि मग ‘ॲड डिस्क’ म्हणून तयार डिस्का त्याच्या स्वाधीन करायच्या. इथून पुढे पेन्सिल कुणाच्या हाती द्यायची ते क्लस्टर ठरवतो.

साक्षीदार डिस्क

दोन नोडांच्या घडात एक पेच उरतो. दोघांचा संपर्क तुटला, तर घड म्हणून काम चालू ठेवायचा अधिकार कुणाचा? एकाचं मत एकाकडे, दुसऱ्याचं दुसऱ्याकडे. बहुमत होत नाही. दोन भावांच्या वाटणीत गावातला तिसरा जाणता माणूस बसवतात, तशी इथे एक साक्षीदार डिस्क ठेवतात. तिलाही एक मत असतं. एकूण मतं तीन, बहुमत दोनचं. वहीचा निवाडा जिंकून जो नोड साक्षीदार डिस्क मिळवतो त्याची मतं दोन होतात, तो काम चालू ठेवतो. दुसरा आपणहून थांबतो. या मतगणनेला ‘कोरम’ म्हणतात.

ही डिस्क लहान असते, 512 मेगाबाइटही पुरतात. तिला ड्राइव्ह लेटर लागत नाही. तिच्यावर घडाच्या रचनेच्या नोंदींची एक प्रतही राहते. आपल्या फायली तिच्यावर ठेवू नयेत. साक्षीदाराला दुसरं काम देऊ नये, हेच बरं. विंडोज सर्व्हर 2016पासून साक्षीदार क्लाउडमध्येही बसवता येतो.

सगळ्यांनाच एकदम लिहायचं असेल तर?

एका वेळी एकच पेन्सिल, हा नियम एका ठिकाणी अडचणीचा ठरला. एकाच मोठ्या डिस्कवर वीस आभासी यंत्रांच्या फायली आहेत आणि त्यातली दहा यंत्रं एका नोडवर, दहा दुसऱ्यावर चालवायची आहेत. डिस्कचा मालक एकच असेल तर वीसच्या वीस त्याच्याकडेच चालवावी लागणार.

विंडोज सर्व्हर 2008 आर2मध्ये यासाठी ‘क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूम’ आला. आपल्या नाट्यगृहात सांगायचं तर, खिडक्या कितीही उघडा, प्लॅन मात्र एकाच व्यवस्थापकापुढे. त्याला कोऑर्डिनेटर नोड म्हणतात. नवी फाइल करायची, फाइल वाढवायची, म्हणजे नवी खुर्ची हवी, की नेटवर्कवरून व्यवस्थापकाला विचारायचं. तो फुली मारतो. एकदा खुर्ची ठरली की तिच्यावर बसायला व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही. म्हणजे फाइलमधला मजकूर वाचणं-लिहिणं प्रत्येक नोड थेट डिस्कशी करतो. एखाद्या नोडचा डिस्ककडे जाणारा रस्ताच तुटला, तर त्याचा मजकूरही नेटवर्कवरून दुसऱ्या नोडमार्फत जातो. काम मंदावतं, थांबत नाही.

अशा व्हॉल्यूमला ड्राइव्ह लेटर नसतं. तो प्रत्येक नोडच्या सी ड्राइव्हवरच्या ‘क्लस्टरस्टोरेज’ फोल्डरमध्ये, सारख्याच नावाने दिसतो. अक्षरं सव्वीसच असल्याने मोठ्या घडात ती अपुरी पडत, तोही प्रश्न सुटला.

चौकट: थोडक्यात

• साठा स्कझी-3चं टिकाऊ आरक्षण पाळतो का, ते आधी विचारा.
• लन घडातल्या सगळ्या नोडांना दिसू द्या, बाहेरच्या कुणालाही नाही.
• दोन रस्ते असतील तर मल्टिपाथ आधी चालू करा, मग डिस्का मोजा.
• ऑनलाइन, इनिशिअलाइझ (जीपीटी), फॉरमॅट, नामकरण: सगळं एकाच नोडवर, एकदाच. डिस्क बेसिकच ठेवा.
• इतर नोडांवर फक्त रिस्कॅन.
• साक्षीदारासाठी एक लहान डिस्क वेगळी ठेवा.
• तपासणी पूर्ण पार पडल्याशिवाय क्लस्टर बांधू नका.
• बॅकअप वेगळा घ्या.

शेवटची ओळ महत्त्वाची

चौकटीतली शेवटची ओळ पुष्कळजण विसरतात. क्लस्टर सर्व्हरच्या मरणापासून वाचवतो, माणसाच्या चुकीपासून नाही. पहिल्या नोडवर कुणी फाइल पुसली, तर दुसऱ्या नोडलाही ती पुसलेलीच दिसणार, कारण डिस्क एकच आहे. तीच डिस्क जळाली तर दोन्ही धडधाकट सर्व्हर रिकाम्या हाताने बसतील. म्हणून कपाटातल्या डिस्का जोडीने ठेवतात, त्याचे नियंत्रकही दोन असतात, आणि तरीही बॅकअप दुसऱ्या जागी ठेवावाच लागतो.

मला या साऱ्या व्यवस्थेत एक गोष्ट फार मोलाची वाटते. सर्व्हर पडतो त्या क्षणी माणसाने काहीच ठरवायचं उरलेलं नसतं. डिस्क कुणाला दिसावी, पेन्सिल कुणाकडे जावी, दोघं भांडले तर साक्ष कोण देणार, हे सगळं निवांत वेळी, कोऱ्या डिस्कपुढे बसून ठरलेलं असतं. बँकेच्या रांगेतल्या माणसाला ते कधी दिसत नाही. त्याने भरलेले दहा हजार त्याच्या खात्यात दिसतात, तेवढं त्याला पुरतं. तिसरी घंटा व्हायच्या आत प्लॅनवरची प्रत्येक खुर्ची एकाच माणसाच्या नावावर लागलेली असावी, म्हणजे पडदा उघडल्यावर कुणाला उठावं लागत नाही.